त्याला आधी कळलेलं असतं

२००९ च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या शिवारात एक बिबट्या विहिरीत पडला. वन खात्याने त्याला सुखरूप वर काढलं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात मोकळं सोडलं. वयाने थोराड, वागायला शांत, म्हणून त्याचं नाव पडलं ‘आजोबा’. पट्टा त्याचा ठावठिकाणा कळवत राहिला. आजोबा माळशेजच्या रानात थांबलाच नाही. सह्याद्री उतरून तो पश्चिमेला चालत सुटला. कसाऱ्याजवळची रेल्वे, मुंबई–आग्रा महामार्ग, तुंगारेश्वरचं रान असं करत वसईच्या खाडीपर्यंत आला, खाडी पोहून गेला आणि महिनाभराच्या आत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. चाल सुमारे १२० किलोमीटरची. एवढ्या वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. पुढे त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला, त्यामुळे ही गोष्ट अनेकांच्या कानावर आहे.

डोंगर चालणाऱ्याने मात्र ती जरा थांबून ऐकावी. माळशेज ते कसारा हा काही निर्मनुष्य मुलूख नाही. करवंदं-जांभळांचे दिवस, त्यामुळे रानात बायापोरं टोपल्या घेऊन फिरणारी, गुराखी, लाकूडफाट्याला गेलेली माणसं, सुट्टीचे ट्रेकर. या सगळ्यांच्या मधून एक पूर्ण वाढलेला बिबट्या चालत गेला. दिवसा कुठल्यातरी कारवीत पडून राहिला असणार, माणसं जाऊ दिली असणार आणि अंधार पडल्यावर उठला असणार. त्या दिवसांत त्याच्यापासून हाकेच्या अंतरावरून गेलेल्या माणसांना आजही त्याचा पत्ता नाही.

कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड ज्या अकोले तालुक्यात येतात, तिथल्या शेतीच्या पट्ट्यात अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावून बिबटे मोजले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले. हे अभयारण्य नव्हतं, माणसांनी गजबजलेली शेती होती. बिबट्यांच्या खाण्यात मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा होता. अकोल्याहून राजूरमार्गे कळसूबाईकडे जाणारी मंडळी गाडीत गाणी म्हणत याच शेतांमधून जातात आणि डोंगरात पोचल्यावर विचारतात, “इथे बिबट्या आहे का हो?”

आहे. आपण आल्याचं त्याला कळलेलंही आहे. डोंगरातल्या जवळपास सगळ्या भेटी अशा एकतर्फी असतात. आपल्याला जनावर दिसतं तेव्हासुद्धा बहुतेक वेळा त्याने आपल्याला कधीच हेरलेलं असतं आणि त्याला निघून जायची घाई वाटलेली नसते. अशा भेटीत दोघांनाही काही होत नाही. जीव धोक्यात येतो तो दोघांना एकाच क्षणी कळतं तेव्हा. वाटेच्या वळणावर पाच-दहा पावलांवर दोघं समोरासमोर येतात आणि विचार करायला कुणालाच सवड उरत नाही. सह्याद्रीत गव्याने मारल्याच्या, अस्वलाने फाडल्याच्या ज्या बातम्या येतात त्यांच्या मुळाशी पुष्कळदा हाच एक क्षण असतो. तो कसा घडून येतो हे समजलं तर तो पुष्कळसा टाळता येतो.

सुरुवात वाऱ्यापासून करायला हवी, कारण बहुतेक सस्तन प्राण्यांना माणसाची खबर नाकातून मिळते. डोंगरातला वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो. ऊन वर आलं की उतार तापतो, त्याला लागून असलेली हवा हलकी होते आणि उताराला धरून वर चढू लागते. सूर्य कलला की उतार झपाट्याने निवतो, हवा जड होते आणि दरीकडे उतरू लागते. ही उतरती हवा रात्रभर आणि पहाटेपर्यंत चालू असते. आता चालणाऱ्याचा विचार करा. सकाळी नऊ-दहा वाजता आपण सोंडेवरून चढत असतो तेव्हा आपला वास आपल्या पुढे वर जातो आणि वरच्या रानाला आपली वर्दी देतो. संध्याकाळी उतरतानाही तसंच, वास आपल्या आधी खाली पोचतो. पहाटेचं गणित मात्र उलटं असतं. माथ्यावरून सूर्योदय पाहायचा म्हणून आपण साडेचारला टॉर्च घेऊन चढायला लागतो, हवा वरून खाली वाहत असते, आणि आपला वास आपल्या मागे गावाकडे जात असतो. वर चरून परतणाऱ्या जनावराला आपण येतोय याचा काहीच सुगावा नसतो. त्यात पहाट ही त्यांची फिरण्याची वेळ. माथ्यावरच्या सूर्योदयाची ओढ मला कळते, पण अस्वल-गव्याच्या रानात पहाटेच्या अंधारात चढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तांबडं फुटू द्यावं, नीट दिसू लागावं, मग पाऊल उचलावं.

आवाजाचीही अशीच गोष्ट. नाळेतून चढताना शेजारी ओढा खळाळत असतो, पावसाळ्यात तर पानांवरच्या सरींनी कान भरून जातात, आणि धुकं उतरलं की डोळेही निकामी. अशा वेळी आपल्यालाच जनावर कळत नाही असं नाही, जनावरालाही आपण कळत नाही. पाणी वाजत असेल तिथे मोठ्याने बोलत जावं, वळणाआधी काठी दगडावर आपटावी. जंगलात गप्प राहावं हा नियम पक्षी पाहायला बसलेल्यांसाठी चांगला आहे. चालणाऱ्याने, विशेषतः दाट झाडीत, आपण येतोय हे साध्या बोलण्यातून कळवत राहावं. स्पीकरवर गाणी लावणं हे यात येत नाही. त्या आवाजात आपले स्वतःचे कान बंद होतात.

कान उघडे ठेवण्याचं कारण म्हणजे रानात कुणीतरी आधीच ओरडून सांगत असतं. झाडावरच्या वानराला बिबट्या दिसला की ते घशातून खरखरीत ‘खॅक् खॅक्’ असा ठसका काढतं. भेकर कुत्र्यासारखं एक-एक भुंकत राहतं, कधी कधी बराच वेळ. सांबराचा आवाज घंटेवर घाव घातल्यासारखा एकदाच येतो आणि दरीत घुमतो. यातलं भेकर माणसालाही भुंकतं, हे ध्यानात ठेवायला हवं. नवखा ट्रेकर भुंकणं ऐकून बिबट्या शोधू लागतो, आणि ती वर्दी त्याच्याच नावाची असते. वानराचा ठसका मात्र हलक्यात घेऊ नये. वानरं कुठे पाहताहेत तिकडे पाहावं आणि आपली पोरंटोरं जवळ बोलवावीत.

आता गव्याकडे येतो, कारण कोल्हापूरपासून कोयनेपर्यंतच्या सह्याद्रीत चालणाऱ्याची खरी गाठ त्याच्याशी असते. राधानगरीचं रान पूर्वी कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं राखीव जंगल होतं. १९५८ मध्ये तिथे ‘दाजीपूर गवा अभयारण्य’ झालं. राज्यातलं हे पहिलं अभयारण्य. रानटी गोवंशात जगात गव्याहून मोठं जनावर नाही. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी पावणेसहा फुटांच्या आसपास भरतो आणि वजन हजार किलोच्या घरात जातं. नर काळाभोर, मादी तपकिरी, वासरं तांबूस सोनेरी. चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, मोजे चढवल्यासारखे. शिंगं नर-मादी दोघांनाही. गुरांच्या बुळकांडी रोगाने देशातल्या अनेक जंगलांत गव्यांचे कळप साफ केले होते. २०११ मध्ये तो रोग जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. आज राधानगरी, चांदोली, कोयनेत गवे दिसतात त्यामागे संरक्षण आहे, तसंच ही सुटकाही आहे.

दाजीपूरच्या रानात डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही वाटाड्याच्या मागे चालत होतो. धुकं अजून झाडांच्या बुंध्यांशी होतं. एका सड्यावरून वाट झाडीत शिरली आणि वाटाड्या नुसता थांबला. हात मागे, तळवा आमच्याकडे. मला आधी काहीच दिसलं नाही. मग चार पांढरे पाय दिसले, आणि बराच वेळाने त्या पायांवरचा काळा डोंगर. गवा आडवा उभा होता, अख्खी कूस आमच्याकडे करून, मान उंचावून. नाकपुड्या ओल्या होत्या, त्यांतून वाफ निघत होती. पाठीवरचा उंचवटा खांद्यापासून निम्म्या पाठीपर्यंत गेलेला. तो फुरफुरला. शीळ आणि फूत्कार यांच्या मधला एक आवाज, तो छातीत बसतो. “हलू नगा,” वाटाड्या ओठातल्या ओठात म्हणाला. “बघून घेऊ दे त्याला.” गव्याने बघून घेतलं. मग दोन पावलं अतिशय सावकाश टाकली, तीही आडवीच, आणि त्यानंतर एकदम वळून कारवी मोडत खाली गेला. तो मोडण्याचा आवाज तो दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ येत होता.

तो आडवा उभा राहण्याचा अर्थ मला पुढे वाचनातून कळला. गवे एकमेकांना दरडावतात तेव्हा अंगावर धावून जाण्याआधी कूस दाखवतात. मी केवढा आहे ते पाहून घे आणि काय ते ठरव, असं ते सांगणं असतं. म्हणजे आडवा उभा राहिलेला गवा आपल्याला वेळ देत असतो. तो वेळ फोटोत घालवणं हा अविचार आहे. नजर त्याच्यावर ठेवून, पाठ न दाखवता, हळूहळू मागे सरायचं, त्याला त्याच्या दिशेला जायला वाट मोकळी ठेवायची. त्याची आणि वासराची ताटातूट होईल असं मध्ये उभं राहायचं नाही. कळपातून वेगळा पडलेला एकटा नर आणि वासरू असलेली मादी, या दोघांना अंतर जास्त द्यावं. आणि खरोखरच धावून आला तर झाडाच्या जाड बुंध्यामागे जावं, चढता येईल तर चढावं. मोकळ्या सड्यावर त्याच्याशी धावण्याची शर्यत लावू नये.

अस्वल इतका वेळ देत नाही. त्याचं कारण त्याच्या शरीरात आणि त्याच्या इतिहासात आहे. आपल्याकडचं अस्वल वाळवी, मुंग्या, मध आणि फळं यांवर जगतं. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून, ओठांचा पुढे चंबू करून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. हा फुंकण्या-ओढण्याचा आवाज शांत रानात बराच लांब जातो. पण वारुळात तोंड खुपसलेल्या अस्वलाला दुसरं काही ऐकू येत नाही, नजर मुळातच अधू आणि वारा उलटा असेल तर नाकही उपयोगाचं नाही. वाघ-बिबट्यांच्या रानात वाढलेल्या या जनावराला हरणासारखं पळता येत नाही, आणि झाडावर चढून बिबट्यापासून सुटका नाही. म्हणून दचकलं की आधी झेप, असा त्याचा स्वभाव घडत गेला असं अभ्यासक मानतात. आईच्या पाठीवर पिल्लू असेल तर विचारायलाच नको. पिल्लांना पाठीवर घेऊन फिरण्याची पद्धत जगातल्या अस्वलांत याच जातीत रुळलेली आहे.

त्यामुळे अस्वलाच्या बाबतीत सगळी काळजी भेटीच्या आधी घ्यायची असते. ताजं उकरलेलं वारूळ, त्याच्याभोवती उधळलेली ओली माती, झाडाच्या सालीवर नखांचे लांब ओरखडे, वाटेवर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा. यांतलं काही दिसलं की गप्पा मोठ्या आवाजात सुरू कराव्यात आणि एकमेकांना धरून चालावं. उंबर किंवा जांभूळ लगडलेलं असेल तिथे मुक्काम करू नये. अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहिलं तर ते हल्ल्याला उठलं असं नाही, ते हवेतला वास घेतंय. त्या वेळी शांत शब्दांत बोलत मागे सरलं तर पुष्कळदा ते खाली बसतं आणि निघून जातं. अंगावर आलंच तर पालथं पडून मानेवर हात घ्यावेत. जखमा बहुतेक चेहऱ्याला आणि डोक्याला होतात.

कोळसुनांबद्दल मात्र लोकांच्या मनात विनाकारण धास्ती आहे. तांबूस अंगाचे, झुपकेदार काळ्या शेपटीचे हे रानकुत्रे टोळीने शिकार करतात आणि शिट्टीसारख्या आवाजाने एकमेकांना बोलावतात. कंपनी सरकारच्या नोकरीत दख्खनची पाहणी करत फिरलेल्या कर्नल साइक्सने १८३१ मध्ये त्यांची शास्त्रीय नोंद केली आणि शास्त्रीय नावातही दख्खन घातलं. हरिश्चंद्रगडावर गोल इंद्रधनुष्य पाहिल्याची जुनी नोंद ज्याच्या नावावर आहे तोच हा साइक्स. कोळसुनं माणसाला पाहून थबकतात, माना वाकड्या करून न्याहाळतात आणि एकामागून एक निघून जातात. हे दृश्य ज्याला दिसलं त्याने ते भाग्य समजावं.

भाग्याची आणखी एक जागा भीमाशंकर. तिथे मान वर करून चालावं. शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, जमिनीवर क्वचितच उतरतं. तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट, अंगाइतकीच किंवा त्याहून लांब शेपूट. एका झाडावरून दुसऱ्यावर वीस-वीस फुटांच्या झेपा. एकच शेकरू काटक्या-पानांची अनेक घरटी बांधून ठेवतं. धोका वाटला की ते पळण्याऐवजी खोडाला अंग चिकटवून सपाट होतं आणि स्तब्ध राहतं. समोर असून दिसत नाही. भाविकांच्या वर्दळीची मुख्य वाट सोडून थोडं आत गेलं, झाडाखाली अर्धा तास बसलं, की वरून अर्धवट कुरतडलेलं फळ पडतं. तिथे वर पाहायचं.

हातापायांशी असलेल्या जिवांचं गणित वेगळं आहे, कारण ते हलत नाहीत. हिरवा चापडा पावसाळ्यात कारवीच्या किंवा बांबूच्या फांदीवर आपल्या कमरेच्या, हाताच्या उंचीवर वेटोळं करून बसलेला असतो. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या खळग्यातून त्याला उंदरांची, आपल्या हाताचीही ऊब जाणवते. आपण आलो हे त्याला कळतं, पण तो सरकत नाही. रंगावर भरवसा ठेवून बसून राहतो. चढावर तोल गेला की माणूस जवळची फांदी धरतो, आणि दंश तिथे होतो. फुरसं सड्यावरच्या दगडांखाली असतं, अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं, त्या आवाजाला मान द्यावा. आपल्याकडचं सर्पदंशावरचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावर बनवलेलं असतं. चापडा त्यांत नाही. त्याचा दंश फार दुखतो, सूज भयंकर येते, जीव सहसा जात नाही. दंश कुठलाही असो, दोरी आवळू नये, कापू नये, चोखू नये. दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला उचलून दवाखान्यात न्यावं.

रात्री दगडावर अंथरूण टाकणाऱ्यांनी आणि सकाळी बूट न झटकता घालणाऱ्यांनी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव लक्षात ठेवावं. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन मरत होती. बावस्करांनी रायगडच्या पायथ्याच्या त्या मुलखात रुग्णांच्या उशाशी बसून विषाची लक्षणं टिपली आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरलं. दगावणाऱ्यांचं प्रमाण शेकडा चाळीसच्या आसपास होतं, ते एकावर आलं. त्यांचं हे काम ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण गडकिल्ल्यांवर चालणाऱ्यांना खरी भीती ज्याची हवी, त्याला ना पंजे आहेत ना सुळे. आग्या मोहोळ. कड्याच्या पोटाखाली, लेण्याच्या ओठावर, दरवाजाच्या कमानीत आग्या माश्या एकच मोठं पोळं बांधतात. सातेरी माशी ढोलीत किंवा पेटीत राहते, आग्या माशी उघड्यावर. ते पोळं मीटरभर रुंदही असतं आणि त्यावर हजारो माश्यांचा जिवंत पडदा लटकलेला असतो. घर असं उघडं असल्यामुळे त्यांचा पहारा कडक. गांधीलमाशी जवळ आली की पडद्यावरच्या माश्या क्रमाक्रमाने पोट उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकत गेल्यासारखं दिसतं. लांबून, दुर्बिणीतून हे पाहावं. फार देखणं दृश्य आहे. आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला ती लाट दिसली तर तो इशारा आहे.

माशीचा काटा कातडीत रुतून बसतो, विषाच्या पिशवीसकट तुटतो, आणि पिशवी विष आत ढकलत राहते. त्याबरोबर एक गंध सुटतो. मधमाश्यांच्या या इशाऱ्याच्या गंधात पिकलेल्या केळ्याच्या वासाचं रसायन असतं. तो गंध बाकीच्या माश्यांना सांगतो, इथे चावा. म्हणून पहिला डंख बसल्यावर तिथेच हात झाडत उभं राहिलेल्या माणसावर पुढचे शेकडो बसतात. तिथून निघणं एवढंच खरं. टी-शर्ट, ओढणी, मिळेल त्याने तोंड आणि मान झाकून, दरीचं भान ठेवत, जितकं लांब जाता येईल तितकं जावं. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. सुरक्षित जागी पोचल्यावर काटे लगेच काढावेत, चिमटीने काय नि नखाने काय, वेळ महत्त्वाचा. श्वास लागला, ओठ सुजले, चक्कर आली तर तातडीने दवाखाना.

गडावर मोहोळ उठण्याची कारणं बहुतेक माणसांचीच असतात. कड्याखाली चूल पेटवली, धूर वर गेला. कुणी दगड भिरकावला. उग्र अत्तराचा वास. आग्या माश्या चांदण्या रात्री उडतात आणि दिव्याकडे ओढल्या जातात, त्यामुळे पोळ्याखालच्या लेण्यात मुक्काम करून मोठे दिवे लावणं म्हणजे त्यांना बोलावणंच. कधी मधुबाज पोळ्यावर झडप घालून तुकडा घेऊन जातो आणि खाली शिवजयंतीची ज्योत न्यायला आलेली पोरं विनाकारण सापडतात. अशा वेळी दोष कुणाचाच नसतो, आणि म्हणूनच वर चढण्याआधी कड्याकडे एकदा नीट पाहून घ्यायचं. काळपट, अर्धवर्तुळ, हलकं थरथरणारं काही लटकत असेल तर त्याच्या खालून जाणारी वाट त्या दिवशी सोडावी.

हे सगळं अंतराचं शास्त्र माणूस स्वतःच मोडतो तेव्हा काय होतं ते माकडांपाशी दिसतं. महाबळेश्वरला, भीमाशंकरला, कितीतरी घाटांत माकडांना बिस्किटं-वेफर्स दिली जातात. माकडाची भीड चेपते, मग ते पिशवी ओढतं, मग चावतं. दात दाखवणारं माकड हसत नसतं आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहणं हे त्याला आव्हान वाटतं. त्या चाव्यानंतर माणसाला रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि माकडाला पिंजरा. बिस्किट देणाऱ्याला मी प्रेमळ म्हणू शकत नाही.

२०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा आला. पाहायला गर्दी जमली, गर्दी मागे धावली, गवा भिंतींवर आदळत तासन्‌तास पळत राहिला. भुलीचं इंजेक्शन देऊन त्याला पकडलं, पण तो वाचला नाही. एवढं मोठं जनावर माणसांच्या नुसत्या जवळ येण्याने गेलं. त्याच महिन्यात पाषाण-बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. तेव्हा पोलीस आणि वन खातं यांनी लोकांना अडवून धरलं, डोंगराकडची बाजू मोकळी ठेवली, आणि तो आपल्या पायांनी रानात परतला.

माणसांनाच अडवून धरायची हीच रीत वासोटा गडावर नियम म्हणून आहे. तिथे जायचं तर बामणोलीहून शिवसागराच्या पाण्यातून लाँचने जावं लागतं. कोयनेचं ते अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पलीकडे मेट इंदवलीला वन खात्याच्या चौकीवर नावं लिहून घेतात, प्लॅस्टिक मोजतात, आणि संध्याकाळच्या आत खाली उतरा म्हणून बजावतात. गडावर मुक्काम करू देत नाहीत. पुष्कळ ट्रेकर यावर कुरकुर करतात. मला तो नियम अतिशय योग्य वाटतो. धरणामुळे आणि त्यानंतर उठवलेल्या गावांची शेतं, आंब्या-फणसांची झाडं अजून तिथे आहेत. दिवस मावळला की त्या पडीक खाचरांत गवे उतरतात, आणि वारा त्या वेळी वरून खाली वाहत असतो.

जिथे असा नियम नाही तिथे शेवटच्या घरी विचारावं. गुगलच्या नकाशात वाट असते, तिच्यावर या वर्षी काय आहे ते नसतं. कुठल्या टाक्यात अजून पाणी आहे, म्हणजे संध्याकाळी तिथे कोण येणार. या सालात मोहोळ कुठल्या कड्याला बसलंय. गुरं कुठल्या बाजूला न्यायची बंद केलीत आणि का. ओट्यावर धान्य निवडत बसलेली मावशी या प्रश्नांची उत्तरं काम न थांबवता देते. “वरच्या पदरानं जाऊ नका, बाळा, तिकडं अस्वलीण हाय पिल्लांसंगट. ओढ्याकडनं जावा, लांब पडंल थोडं.” मग ओढ्याकडून जावं, बोलत बोलत, आणि तासभर उशिरा पोचावं.